कॉम्प्युटर क्लबच्या मंडळींना खुलं पत्र : भाषण राहू द्या, टेबलं मांडा

सांगलीतल्या कॉम्प्युटर क्लबच्या सगळ्या सभासदांना,

सप्रेम नमस्कार.

तुमचं आमंत्रण मिळालं. वार्षिक कार्यक्रमात 'एआय आणि आपलं भविष्य' या विषयावर मी तासभर बोलावं, त्याआधी दीपप्रज्वलन, सत्कार, अध्यक्षांचं मनोगत, आणि सगळ्यात शेवटी वेळ उरलाच तर प्रश्नोत्तरं, असं त्यात लिहिलंय. मी येणार आहे, अगदी नक्की येणार आहे. फक्त त्या कार्यक्रमपत्रिकेचा क्रम उलटा करा एवढी विनंती आहे, त्यासाठीच हे पत्र, आणि खुलं अशासाठी की गेल्या काही वर्षांत कोल्हापूर, सोलापूर, नाशिक, कुठूनही क्लबचं बोलावणं आलं की साचा हाच असतो. पाहुणा बोलणार, सभासद ऐकणार, मग चहा, मग ग्रुप फोटो. ज्या माणसाच्या घरी कॉम्प्युटर बंद पडलाय तो माणूस मागच्या रांगेत बसून येतो आणि तसाच घरी जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी मराठीत कॉम्प्युटरचं मासिक काढतो. आमच्याकडे येणारी वाचकांची पत्रं बघितली ना, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्याची अडचण आहे तो आणि ज्याला उत्तर माहितीये तो, हे दोघं पुष्कळदा एकाच गावात राहत असतात, कधी कधी एकाच पेठेत, आणि दोघंही पुण्यातल्या मासिकाला लिहीत असतात. या दोघांना एका टेबलावर आणायचं काम मासिक करू शकत नाही. ते क्लबच करू शकतो. आणि मग त्या टेबलावर जे सापडलं ते लिहून चार गावांत पोचवायचं काम क्लबला एकट्याला जमत नाही, त्याला मासिक लागतं. क्लब आणि मासिक यांचं नातं मला तरी एवढंच कळतं, आणि ते माझ्या भाषणात कुठेच बसत नाही.

हे मी मनाने रचून सांगत नाहीये, पर्सनल कॉम्प्युटरचा सगळा धंदा सुरू झाला तोच असा. तुमच्यातल्या कॉलेजच्या मुलांना कदाचित हे कुणी नीट सांगितलं नसेल म्हणून जरा सविस्तर लिहितो. जानेवारी 1975 च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर 8800 नावाची मशीन आली. ती किटच्या रूपात मिळायची, म्हणजे घरी आणून स्वतः सोल्डरिंग करायचं. मेमरी 256 बाइट, किलोबाइट नाही, बाइट. कीबोर्ड नाही, स्क्रीन नाही, पुढच्या पॅनेलवर स्विच आणि लाल दिवे. लोकांनी ती मागवली खरी, पण घरी आल्यावर हिचं करायचं काय हे कुणालाच धड माहीत नव्हतं. म्हणून 5 मार्च 1975 ला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला गॉर्डन फ्रेंच नावाच्या गृहस्थांच्या गॅरेजमध्ये तीसेक लोक जमले. हा होमब्रू कॉम्प्युटर क्लब. ॲपलवाला स्टीव्ह वॉझ्नियाक त्या पहिल्याच मीटिंगला होता.

पुढे गर्दी वाढली तशी मीटिंग स्टॅनफर्डच्या एका मोठ्या सभागृहात व्हायला लागली आणि ली फेल्सनस्टीन सूत्रं सांभाळायचा. त्याची पद्धत बघा. मीटिंगचे दोन भाग. पहिल्या भागात एकेक जण उठून थोडक्यात सांगणार की माझ्याकडे काय आहे किंवा मला काय पाहिजे, म्हणजे माझ्याकडे अमुक चिप जास्तीच्या आहेत, किंवा माझी मेमरी गरम झाली की डेटा विसरते, कुणाला माहितीये का. बस, चर्चा नाही. दुसऱ्या भागात सभा मोडायची आणि ज्याला जो पाहिजे त्याने त्याला गाठायचं, कोपऱ्याकोपऱ्यात घोळके, कुठे मशीन उघडलेली, कुठे कागदावर सर्किट काढणं चाललंय. वॉझ्नियाक आपल्या मशीनचे ड्रॉइंग तिथे सरळ वाटायचा, तीच मशीन पुढे ॲपल-1 म्हणून विकली गेली. त्या सभागृहात मुख्य पाहुणा अशी काही भानगड नव्हती. आणि तरी, किंवा माझं मत विचाराल तर म्हणूनच, तिथून इतक्या कंपन्या निघाल्या.

आता यात मासिकवाल्याचं काम काय, तर ती गोष्ट मला जास्त जवळची आहे. 3 फेब्रुवारी 1976 ला वीस वर्षांच्या बिल गेट्सने या हौशी मंडळींना एक खुलं पत्र लिहिलं. त्याचं म्हणणं की आम्ही अल्टेअरसाठी बेसिक (प्रोग्रामिंगची एक भाषा) लिहिलं, त्यासाठी 40,000 डॉलरहून जास्त किमतीचा कॉम्प्युटर टाइम खर्च झाला, आणि अल्टेअर घेतलेल्यांपैकी 10 टक्क्यांनीसुद्धा ते विकत घेतलं नाही, बाकी सगळे कॉपी करून वापरतायत. पत्र कडक होतं, क्लबांमध्ये बरीच खळबळ झाली. मला विचाराल तर त्याचा मूळ मुद्दा रास्त होता, लिहिणाऱ्याला पैसे मिळालेच पाहिजेत, मी स्वतः लेखकांना मानधन देतो आणि उशीर झाला तर मला झोप लागत नाही. पण हौशी मंडळींकडे याचं जे उत्तर होतं ते भांडणापेक्षा फार चांगलं होतं, आणि गंमत म्हणजे त्याची तयारी पत्र यायच्या आधीपासूनच चाललेली होती.

झालं असं होतं की 'पीपल्स कॉम्प्युटर कंपनी' नावाचं एक वृत्तपत्रासारखं नियतकालिक बॉब अल्ब्रेख्ट काढायचे. त्यात डेनिस ॲलिसन यांनी 1975 मध्ये एक छोटं बेसिक कसं रचायचं त्याचा आराखडा छापला, नाव टायनी बेसिक. आराखडाच फक्त, पूर्ण प्रोग्राम नाही. कोड तुम्ही लिहा आणि आम्हाला पाठवा, असा तो मामला. टेक्सासमधल्या टायलर गावातून डिक व्हिपल आणि जॉन अर्नोल्ड या दोघांनी खरंच लिहून पाठवलं. मग हे सगळं छापायला जानेवारी 1976 मध्ये झेरॉक्स काढून तीन अंक काढायचे ठरले, संपादक जिम वॉरन, आणि तीन अंकांत ते थांबायचं होतं पण लोकांनी थांबू दिलं नाही, 'डॉक्टर डॉब्ज जर्नल' हे तेच मासिक, ते पुढे कित्येक दशकं चाललं. एकाने आराखडा दिला, दुसऱ्याने एका प्रोसेसरसाठी लिहिलं, तिसऱ्याने चूक काढली, चौथ्याने दुसऱ्या प्रोसेसरवर नेलं, आणि हे सगळं छापून येत गेलं. दोन-तीन किलोबाइटमध्ये बसणारं बेसिक. टॉम पिटमन यांनी आपलं टायनी बेसिक पाच डॉलरला विकलं, इतकं स्वस्त की कॉपी करत बसण्यापेक्षा घेतलेलं परवडेल. आणि हे जिम वॉरन नुसते ऑफिसात बसून संपादन करणारे नव्हते, होमब्रूच्या मीटिंगांना जाणारे होते, एप्रिल 1977 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला त्यांनी वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर भरवली, ॲपल-2 लोकांनी पहिल्यांदा बघितला तो तिथे. मासिकाच्या संपादकाने क्लबात येऊन काय करायचं असतं याचा मला यापेक्षा चांगला दाखला माहीत नाही.

आपल्याकडेही हे घडलंय. 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी दूरसंचार कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, पण फोनच्या लाइनवरून चालणाऱ्या त्या संथ डायल-अपवर आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम उतरवून घेणं म्हणजे अशक्यच. 1996 मध्ये 'पीसीक्वेस्ट' मासिकाने अंकासोबत लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची सीडी दिली, स्लॅकवेअर नावाची आवृत्ती, आणि देशभरच्या पोरांच्या हातात लिनक्स आलं ते असं. पण सीडी हातात आली म्हणजे लिनक्स चाललं असं नव्हतं. साउंड कार्ड बोलायचं नाही, मोडेम ओळखायचा नाही, पार्टिशन करताना वडिलांच्या फायली उडायच्या. ते निस्तरलं लिनक्स यूझर ग्रुपवाल्यांनी, रविवारी सीपीयू रिक्षात घालून एकमेकांकडे नेऊन. सीडी मासिकाने दिली, चालवून क्लबने दाखवली.

हे सगळं जुन्या काळचं झालं, आता सगळं इंटरनेटवर मिळतं, मग कशाला टेबलं मांडायची, असं तुमच्यातले काहीजण म्हणतील. म्हणून तुमच्या गावातल्याच दोन गोष्टी सांगतो ज्यांचं उत्तर बाहेरून येणार नाही.

पहिली, मराठी फायली. सांगली-मिरजेत कितीतरी घरांत, प्रेसमध्ये, संस्थांच्या ऑफिसांत 1990 आणि 2000 च्या दशकांतलं मराठी पडून आहे, पुस्तकांची हस्तलिखितं, स्मरणिका, नाटकांच्या संहिता, सोसायटीचे अहवाल. ते टाइप झालंय जुन्या फाँटांमध्ये. आज ती फाइल नव्या कॉम्प्युटरवर उघडली की इंग्रजी अक्षरं, कंस, टक्केवारीची चिन्हं असं काहीतरी दिसतं. लोकांना वाटतं फाइल करप्ट झाली, आणि डिलीट करून टाकतात! अहो, फाइल पूर्ण शाबूत असते. त्या फाँटांनी काय केलं होतं, तर इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांची चित्रं बसवली होती. म्हणजे फाइलमध्ये साठवलेलं इंग्रजी अक्षरच, दिसायला फक्त मराठी. फाँट गेला की मराठी दिसायचं बंद. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना स्वतःचा कोड देणारी आजची पद्धत, त्यात तसं नाही, तिथे 'क'ला 'क'चाच कोड आहे, फाँट कुठलाही असो.

मग शोधा आणि बदला करून रूपांतर होईल की, असं वाटतं, पण ते होत नाही आणि का होत नाही हे टेबलावर बसून बघण्यासारखं आहे. 'किती' हा शब्द घ्या. पहिली वेलांटी डोळ्याला 'क'च्या आधी दिसते, आणि जुना फाँट दिसतं तसंच साठवतो, आधी वेलांटी, मग 'क'. युनिकोडमध्ये आपण उच्चारतो तसं, आधी 'क', मग वेलांटी. रफाराचं नेमकं उलटं. 'सूर्य' लिहिताना जुन्या फाँटात 'य' आधी आणि रफार त्याच्या डोक्यावर नंतर, युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्त आधी, मग 'य'. म्हणजे नुसतं एका अक्षराला दुसरं लावून भागत नाही, जागाही हलवाव्या लागतात, आणि वेलांटी जोडाक्षरावर असली, 'स्थिती' किंवा 'मस्तिष्क' असा शब्द आला, की ती कुठपर्यंत हलवायची हे प्रोग्रामला कळायला पाहिजे. शिवाय प्रत्येक कंपनीच्या फाँटाची मांडणी वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांची वेगळी. कन्व्हर्टर मिळतात, पण शंभर पानांत चार ठिकाणी घोळ करतात, आणि तो घोळ पकडायला तो फाँट वर्षानुवर्षं हाताळलेला माणूस लागतो.

तो माणूस तुमच्या गावात आहे. म्हणजे बहुतेक वेळा ती ताई असते. लग्नपत्रिका आणि अहवाल टाइप करणाऱ्या डीटीपीवाल्या ताई, ज्यांची बोटं अजून जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरच्या मांडणीवर चालतात आणि फाँट बघताक्षणी नाव सांगतात. तुम्ही पाठवलेल्या सभासदांच्या यादीत इंजिनियर आहेत, प्राध्यापक आहेत, हार्डवेअरची दुकानं असलेले आहेत, डीटीपी करणारं एकही माणूस नाही आणि बायका तर दोनच. हे मला पटलं नाही, स्पष्टच लिहितो. मराठी मजकुराबद्दल गावात ज्यांना सगळ्यात जास्त कळतं त्याच क्लबात नाहीत, आणि रात्री आठला मीटिंग ठेवली तर येणारही नाहीत. शनिवारी दुपारी ठेवा, वर्गणी पहिलं वर्ष माफ करा, आणि स्वतः दुकानात जाऊन बोलवा. एमएस-सीआयटीचे क्लासेस चालवणाऱ्या शिक्षिकांनाही. 2001 पासून महाराष्ट्रात लाखो माणसांनी माउस पहिल्यांदा धरला तो अशाच क्लासांमध्ये, नवख्याला काय अडतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही.

याच मराठीतली अजून एक छोटी गोष्ट, कारण ही तर आजच्या फायलींमध्येही रोज त्रास देते. समजा सोसायटीची सभासद यादी एक्सेलमध्ये आहे आणि तुम्ही 'ॲडव्होकेट' शोधलं. निम्मेच वकील सापडले. बाकीचे स्क्रीनवर समोर दिसतायत तरी सापडत नाहीत. कारण तो 'ॲ' तीन प्रकारे लिहिला गेलाय. कुणी 'ऍ' हे अक्षर वापरलं. कुणी 'अ' लिहून त्यावर चंद्र दिला, म्हणजे दोन कोड. आणि कुणी आपल्या मराठीचा अख्खा 'ॲ' वापरला, जो युनिकोडमध्ये 2008 साली 5.1 आवृत्तीत आला, हेक्समध्ये क्रमांक 0972. शेवटचे दोन दिसायला सारखे, पण कॉम्प्युटरच्या लेखी ही तीन वेगळी लिखाणं, आणि युनिकोडचे जे प्रमाणीकरणाचे नियम आहेत तेही यांना एक करत नाहीत. उपाय अवघड नाही, शोधण्याआधी तिन्ही एकाच रूपात आणायचे, पाच ओळींचा मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधलाच छोटा प्रोग्राम, पुरतो. पण हे कुठल्या मराठी पुस्तकात लिहिलंय? कुणीतरी कधीतरी ऑफिसात सोडवलं असेल, शेजारच्या टेबलवाल्याला सांगितलं असेल, आणि बदली झाल्यावर ते ज्ञान त्याच्याबरोबर गेलं असेल.

दुसरी गोष्ट पाण्याची. ऑगस्ट 2019 तुम्हाला मी पुण्यात बसून सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, कृष्णा 57 च्या वर गेली. नंतर आमच्याकडे आलेली पत्रं मी अजून जपून ठेवलीयत. एका हळद व्यापाऱ्यांच्या दिवाणजींनी लिहिलं होतं की हिशोबाचा कॉम्प्युटर टेबलाखाली जमिनीवर होता, आणि बॅकअप रोज न चुकता घ्यायचो, पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. माणसाने शिस्त पाळली होती हो. जागा चुकली एवढंच. आणि मग पाणी ओसरल्यावर चिखल पुसून, उन्हात वाळवून, हार्ड डिस्क चालू करून बघितली, तिथे उरलीसुरली आशा संपली. भिजलेल्या डिस्कला वीज द्यायची नाही, एवढी एकच गोष्ट त्या आठवड्यात जर बाजारपेठेत सगळ्यांना माहीत असती! 2021 ला पुन्हा पाणी आलं, पुढेही येणार.

म्हणून क्लबने दरवर्षी मे महिन्यात एक काम हातात घ्यावं असं माझं मनापासून म्हणणं आहे. बाजारपेठेतल्या दुकानांत जायचं आणि बॅकअप कुठे आहे एवढंच विचारायचं. नियम सोपा आहे, डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक तरी गावाबाहेर. गावाबाहेर म्हणजे क्लाउडच पाहिजे असं नाही, जतच्या मावशीकडे किंवा विट्याच्या भाच्याकडे ठेवलेली हार्ड डिस्क चालते, दर पंधरा दिवसांनी बदलायची. आणि बॅकअप परत दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचा, हे तर फार कमी लोक करतात. अकाउंटिंगचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये असतो हेच पुष्कळांना माहीत नसतं, डेस्कटॉपवरच्या आयकॉनची कॉपी घेऊन बॅकअप झाला असं समजणारे दुकानदार मी बघितलेत, आणि त्यांना हसण्यासारखं यात काही नाही, त्यांना कुणी दाखवलंच नाही. हे दाखवायला मुंबईहून तज्ज्ञ येणार आहे का? तुम्हीच.

विंडोज 10 चंही थोडक्यात. 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि ठरावीक पुढचे प्रोसेसर लागतात, त्यामुळे वाचनालयांत, शाळांत, क्लासेसमध्ये चांगल्या चालणाऱ्या मशीन आता अडगळीत निघतील. त्यातल्या पुष्कळ लिनक्सवर आरामात अजून काही वर्षं चालतील. एका शाळेची लॅब घ्या, करून दाखवा, मराठी टायपिंग आणि प्रिंटर चालतोय हे नीट तपासा, कारण गाडी तिथेच अडते.

आता तुमचा एआय. विषय टाळत नाहीये. एआयला प्रश्न विचारायला मुलांना शिकवायलाच पाहिजे, मी स्वतः रोज वापरतो. पण ते जे उत्तर देतं ते कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेल्या मजकुरावरून शिकलेलं असतं, आणि इंग्रजीत प्रत्येक प्रिंटरच्या प्रत्येक एररवर ढिगाने लिहिलेलं आहे, मराठीत किती आहे ते तुम्हीच सांगा. जुन्या मराठी फाँटाचा रफार कसा हलवायचा, ग्रामपंचायतीतल्या मशीनवर मराठी का उमटत नाही, यावर आपल्याच लोकांनी लिहिलेलं नसेल तर एआय आणणार कुठून? आपलं सगळं ज्ञान फोनवर सांगितलं जातं नाहीतर व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये एका व्हॉइस मेसेजमध्ये जातं, वर गुड मॉर्निंगचे दोनशे फोटो येतात आणि संपलं. त्यामुळे मी येईन तेव्हा एआय टेबलावर घेऊ. एक खरी अडचण घ्यायची, एआयला मराठीत विचारायची, ते सांगेल ते तिथल्या तिथे मशीनवर करून बघायचं, कुठे बरोबर आलं कुठे चुकलं ते लिहायचं. माझ्या तासाभराच्या भाषणापेक्षा त्यातून मुलांना एआय जास्त कळेल, याची मला खात्री आहे.

आणि फसवणुकीचं एक टेबल वेगळं ठेवा, आजी-आजोबांसाठी. लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी, पोलीस असल्याचं भासवून येणारा डिजिटल अरेस्टचा व्हिडिओ कॉल, हे मोठ्या पडद्यावर न दाखवता त्यांच्याच फोनवर शेजारी बसून दाखवायचं, कुठल्या ॲपला कुठली परवानगी दिलीय ते बघायचं, आणि 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्यायचा. पैसे गेल्यावर लाज वाटून लोक दोन-दोन दिवस घरातसुद्धा सांगत नाहीत आणि नेमकी तीच वेळ महत्त्वाची असते. हे काम कॉलेजच्या मुलांनी करावं, ती धीराने सांगतात असा माझा अनुभव आहे.

मोठं नाव, मोठे प्रायोजक याने क्लब टिकतो असं वाटत असेल तर बॉस्टनचं उदाहरण बघा. जोनाथन रॉटनबर्ग नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने 1977 मध्ये बॉस्टन कॉम्प्युटर सोसायटी सुरू केली, सभासद वाढत वाढत तीस हजारांच्या वर गेले, जानेवारी 1984 मध्ये स्टीव्ह जॉब्ज स्वतः तिथे येऊन मॅकिंटॉश दाखवून गेला. आणि 1996 मध्ये ती बंद झाली. कारणं अनेक असतील, पण कंपन्या आपलं नवीन काय ते स्वतःच जगाला दाखवायला लागल्या की त्यासाठी क्लबात कोण येणार? शेजारच्या माणसाची अडचण मात्र कुठली कंपनी लॉंच करत नाही. तुमच्या मागच्या तीन कार्यक्रमांची पत्रकं मी बघितली, तिन्हींमध्ये कुठल्या ना कुठल्या कंपनीचं प्रेझेंटेशन. त्यांना बोलवा, पण क्लबचा मुख्य तास त्यांना देऊ नका.

आता माझ्या बाजूने काय, ते सांगतो. आमच्या मासिकाची दर महिन्याला चार पानं मी तुमच्यासाठी मोकळी ठेवतो. टेबलावर सुटलेली अडचण लिहून पाठवा, लिहिणाऱ्याच्या नावाने छापू, मानधन देऊ. भाषा छापील पाहिजे असं अजिबात नाही, बोलता तसं लिहा, 'ड्रायव्हर'ला चालक म्हणू नका. फक्त काही गोष्टी न चुकता लिहा: मशीन कुठली, सॉफ्टवेअरची आवृत्ती कुठली, तारीख, स्क्रीनवर नेमका कुठला मेसेज आला तो जशाच्या तसा, आणि आधी काय काय करून बघितलं जे चाललं नाही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण वाचणारा माणूस आधी त्याच चार गोष्टी करणार असतो आणि त्याचा दिवस वाचतो. सुटली नाही अशी अडचणही पाठवा, ती छापू, अकोल्याच्या नाहीतर बेळगावच्या कुणाला तरी माहीत असेल. आणि छापून आलेलं सगळं कुणालाही फुकट कॉपी करता येईल, पुढे पाठवता येईल, मूळ नाव तेवढं ठेवायचं, हे मी आमच्या प्रकाशकांशी बोलून पक्कं केलंय.

तर त्या दिवशी असं करूया. सत्कार, हार-तुरे, शाल, सगळं रद्द करा, त्या पैशात चांगले एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, कारण तुमच्या हॉलमध्ये प्लग भिंतीला दोनच आहेत असं सचिवांनी फोनवर सांगितलं. पहिला अर्धा तास ज्याला जे अडलंय किंवा ज्याच्याकडे जे आहे ते त्याने उभं राहून एका मिनिटात सांगायचं, मीही सांगेन, कारण माझ्याकडे एका जुन्या दिवाळी अंकाच्या फायली आहेत ज्यांचा फाँट मला ओळखता येत नाहीये आणि मला त्या डीटीपीवाल्या ताईंपैकी कुणीतरी पाहिजे. नंतरचे दोन तास टेबलं. प्रत्येक टेबलावर एक जण फक्त लिहायला बसवा, वही-पेन चालेल. जुने सीपीयू, न उघडणाऱ्या सीडी, बंद पडलेले प्रिंटर, जे असेल ते लोकांना घेऊन यायला सांगा. फ्लॉपी ड्राइव्ह कुणाकडे चालू असेल तर प्लीज आत्ताच शोधून ठेवा, माझ्याकडचा यूएसबीचा आहे तो मी आणतो पण एक कमी पडेल. मी आदल्या रात्रीच्या गाडीने येतो, हॉल सकाळी नऊला उघडला तर टेबलं मांडायला मी आहेच.

तुमचा,
एका मराठी कॉम्प्युटर मासिकाचा संपादक
पुणे